गप्प बसण्याची उमेदवारी

१६ जानेवारी १९७८, सोमवार
आजपासून भिवंडी. समाजकार्याच्या कॉलेजने बाकीच्या मुलींना प्रात्यक्षिकासाठी मुंबईतली मोठमोठी हॉस्पिटलं दिली आणि मला इथलं अपंगांचं मंडळ. कारण काय, तर 'तुझी आत्या तिथे राहते'. आठ आठवडे बिनपगारी उमेदवारी आणि वर आठवड्याला एक अहवाल.

मंडळ म्हणजे निजामपुऱ्यातल्या गल्लीत एक खोली, एक टेबल, एक बाक. खोलीला पायरी नाही. तशी खोली मिळायला दोन वर्षं लागली म्हणे. चालवणारे भोईरसर सकाळी शाळेत ड्रॉइंग शिकवतात, दुपारी इथे. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला, काखेत कुबडी. आल्या आल्या विचारलं, "काय येतं तुला?" म्हटलं, बोलता येतं, वक्तृत्वाच्या तीन ढाली आहेत. "अरे वा," म्हणाले, "इथे त्याचा काही उपयोग नाही."

राग आला. लिहितानाही आहे. आत्याला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणे तुला गप्प बसवणारा कोणीतरी भेटायलाच हवा होता.

१९ जानेवारी, गुरुवार
पहिला अहवाल सरांना दाखवला. मी लिहिलं होतं, 'बिचाऱ्या अपंगांना समाजाने दयेचा हात द्यावा.' सरांनी तांबडी पेन्सिल काढली. 'बिचाऱ्या' गेलं, 'दयेचा' गेलं. उरलं ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाले, "आता सांग, कसला हात, कोणाचा, कुठल्या कचेरीतला?"

दुपारी एक गृहस्थ आले. एका कचेरीने दाखल्यासाठी पाच वेळा परत पाठवलेलं, कारण साहेब वरच्या मजल्यावर आणि यांना जिना चढता येत नाही. शिपाई म्हणतो, समक्ष या. मी अर्ज लिहायला घेतला : 'कृपावंत होऊन...' सर म्हणाले, "कृपा खोड. लिही, साहेबांनी खाली यावं." मी पेन तसंच धरून बसले. असं लिहायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

लिहिलं. मजा आली.

२५ जानेवारी, बुधवार
सरांबरोबर जवळच्या शेलार गावी. जनीबाई म्हणून एक शेतकरीण, तिने निरोप धाडला होता. मुलगी सुमन, वीस वर्षांची. सहाव्या वर्षी तापात कान गेले, पाठोपाठ बोलणंही. आम्ही गेलो तेव्हा ओटीवर तांदूळ निवडत होती. बोटं अशी चालत होती की मी बघतच राहिले.

जनीबाई म्हणाली, "ताय, पोरीला आयकाया येत न्हाय, पन ती येडी न्हाय." शिमग्यानंतर भावाचं लग्न, घरात सून येणार. म्हणून वळ नावाच्या गावी राहणारा चुलता शिमग्याला येऊन सुमनला घेऊन जाणार. त्याच्याकडे म्हशी आहेत, लहान पोरं आहेत. "काम करल, दोन घास खाईल."

सरांनी विचारलं, "आणि परत कधी आणणार?"

"परत कशाला?" असं म्हणून जनीबाईने पदर तोंडाला लावला.

तिलाही ते नकोच आहे. शेलारच्या बऱ्याच बाया भिवंडीत लूमवर, यंत्रमागांच्या कारखान्यात, कांड्या भरायला जातात, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी मशीनवर भरायची. पण बहिरीला कोण घेणार? मी तिथल्या तिथे छाती ठोकून सांगितलं, "मी बोलते कोणाशीतरी." सर माझ्याकडे बघत होते.

सुमन प्रत्येकासाठी एक खूण ठरवते. सरांची, काखेत मूठ. माझी दहा मिनिटांत ठरली : चिमणीची चोच करून उघडझाप, उघडझाप. जनीबाई ओशाळली. मीही, थोडी.

३१ जानेवारी, मंगळवार
चार कारखान्यांत नकार. एकाने तर दारातच हात हलवला. पाचवा रहीमसेठचा, चोवीस लूमचा, मंडळाच्या मागच्याच गल्लीत. भला माणूस, असं सगळेच म्हणतात. भेटायला तयार आहे. मी शुक्रवार मागून घेतला. एरवी तिथे कानठळ्या बसतात, शुक्रवारी कारखाना बंद. शांतपणे मुद्दे मांडता येतील. सरांनाही पटलं.

मुद्दे लिहून काढले आहेत, सव्वीस.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
लिहू नये असं वाटतंय.

सेठने नीट बसवलं, चहा मागवला. मी बोलले. चांगलं बोलले, ते खोटं नाही. सुमन शेजारी नवी साडी नेसून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. सेठने सगळं ऐकून घेतलं. मग सहज उठावं तसा उठला, तिच्या मागे गेला आणि लोखंडी पाना फरशीवर टाकला.

बंद कारखान्यात केवढा आवाज! मी दचकून उभी राहिले, बशीतला चहा अंगावर. सुमन हललीही नाही. माझा चेहरा बघून तिने मान वळवली, खाली पडलेला पाना पाहिला, सेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं.

"देखो बेटी," सेठ मला म्हणाला, त्याला खरंच वाईट वाटत होतं. "कल को हाथ मशीन में गया तो? मैं इसकी माँ को क्या मुँह दिखाऊँ?"

सव्वीस मुद्द्यांत याला उत्तर नव्हतं. परत येताना सुमन माझ्या पुढे चार पावलं चालत होती. मुद्द्यांची फाईल तिथेच टेबलावर राहिली.

६ फेब्रुवारी, सोमवार
शेलार. मी आल्याचं दिसताच सुमन उठून उभी राहिली. मी हातवारे करून सांगायला लागले, दुसरा सेठ बघू, धीर सोडू नको, वगैरे. तिने डोळे मिटले. नुसते मिटून उभी राहिली. जिला ऐकू येत नाही तिने डोळे मिटले की संपलंच. बोलणार कोणाशी? माझी चोच तशीच उघडी.

जनीबाई म्हणाली, "राहू दे ताय. काकाला हो म्हनून निरोप धाडला."

रडले. रस्त्यात, एस.टी. थांब्यावर, चारचौघांत.

८ फेब्रुवारी, बुधवार
काही नाही. अर्ज लिहिले. जिन्यावाले साहेब मात्र खाली आले! स्वतः, शाईचा शिक्का घेऊन. सर दुपारभर शीळ घालत होते. मला आनंद व्हायला हवा होता.

१३ फेब्रुवारी, सोमवार
आज जे पाहिलं ते नीट लिहिते.

फाईल आणायला रहीमसेठकडे गेले. चालू कारखान्यात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. दारातूनच आवाज अंगावर आला, फरशीतून पायात चढला. ऑफिसात कोणी नाही म्हणून आत गेले. भिंतीशी कांडीची मशीनं, दहा-बारा बाया. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या झैबूनआपा. त्यांनी मला बघून काहीतरी विचारलं. हातानेच. मला कळेना. मी ओरडून म्हटलं, "माझी फाईल!" माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

मग दिसायला लागलं. सगळ्या बोलत होत्या. मनसोक्त! बोटांनी, ओठांनी, भुवयांनी. दोन बोटं फाकवली की सुताची तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. एकीने हनुवटीखाली हात फिरवून दाढी दाखवली आणि सगळ्या एकदम कामाला लागल्या, कारण सेठ येत होता. सेठनेही दारातून मिस्त्रीला बोटांनीच काही विचारलं, मिस्त्रीने मान हलवली, काम झालं. मग एकीने माझ्याकडे बघत खूण केली आणि बाकीच्या हसल्या. काय म्हणाली कोण जाणे.

त्या खोलीत बहिरी मी एकटीच होते.

आणि मी सुमनला शुक्रवारी नेलं! आठवड्यात एकच दिवस त्या जागी कानांची गरज पडते, तो शोधून, मागून घेऊन!

धावत मंडळात आले, सरांना सांगितलं. आधी ते खो खो हसले, टेबलावर थापा मारून. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "मी या गावात जन्मलो. ही खटखट ऐकतच मोठा झालो. आणि तुला म्हटलं, शुक्रवार बरा." मग, "आत कधी गेलोच नाही. कुबडी अडकेल म्हणून कोणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही."

फाईल पुन्हा तिथेच राहिली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सेठकडे जाऊ. सर म्हणाले, "सुमनला विचारलंस?" म्हटलं, तिच्या भल्याचंच आहे. "तू वकील आहेस असं समज. वकिलाला निदान अशिलाने सही करून कागद दिलेला असतो. तुझ्याकडे काय आहे?"

काही नाही. पहिल्या दिवशी जनीबाईशी बोलले, मग सेठशी बोलले. सुमनला कांड्या भरायच्यात का, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही. तीन आठवडे होत आले!

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
शेलार, सरांबरोबर. सुमन मला बघून आत जायला निघाली. काय करावं कळेना, तर मी अंगणात उभी राहून दोन्ही कान धरले. शाळेत धरायचो तसे. वर दोन उठाबशाही काढल्या. ती थांबली. माझ्या कानांकडे बघितलं, मग स्वतःच्या कानाला बोट लावलं, आणि असली हसली म्हणता! बहिरीची माफी मागायची ती कान धरून. सर ओटीवर कपाळाला हात लावून बसले होते. जनीबाई दारात उभी राहून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग सरांनी चित्रं काढली. एका कागदावर चुलत्याचं घर, म्हशी, पोरं. एकावर कांडीची मशीनं, बाया, लूम. तिसरा कोरा ठेवला, तिला वेगळंच काही हवं असेल तर. ड्रॉइंगच्या मास्तरांचा हात, म्हशीसुद्धा वळ गावच्याच वाटत होत्या. सुमनने तिन्ही कागद बराच वेळ पाहिले. मशीनच्या चित्रावर बोट ठेवलं. मग ते बोट डोळ्याखाली नेलं : आधी बघीन. मग माझ्याकडे वळून ओठांवर बोट.

म्हणजे मी यायचं, पण तोंड बंद. बरं बाई.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
गेलो तिघंही. सर पहिल्यांदाच कारखान्यात शिरले. दोन लूममधल्या वाटेने आडवे होऊन गेले, कुबडी कुठेही अडकली नाही.

सेठ हात जोडून म्हणाला असावा की मी तर ना सांगितलं होतं. ऐकू कोणाला येतंय! मी जीभ दातांखाली धरून उभी. सुमन सरळ आपांजवळ जाऊन उभी राहिली. आपांनी सवयीने तिलाही हातानेच विचारलं, कुठली गं तू? सुमनने सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, आपांना कळलं. पंधरा मिनिटांत दोघींचं असं काही जमलं की माझ्या खुणा मला बाळबोध वाटायला लागल्या. तार तुटली, सुमनने आपांच्या आधी बोट दाखवलं.

सेठने आम्हाला आणि आपांना बाहेर अंगणात बोलावलं. "आपा, पीछे से आवाज दी तो?"

आपा म्हणाल्या, "सेठ, बीस बरस हुए। आपने पीछे से जितनी आवाज दी, मैंने एक नहीं सुनी। मुझे निकालो पहले।"

सेठ हसला, पण मान डोलवेना. आता मी बोलणार, एवढ्यात सरांनी कुबडी माझ्या पायावर ठेवली. चांगली जोरात. म्हणाले, "सेठ, नवीन बाईला जेवढे दिवस बघता तेवढेच हिला बघा. मेहेरबानी म्हणून एक दिवस जास्त नको. आणि एक दिवस कमीही नको."

सेठ सुमनकडे बघत राहिला. ती दारातून आत, मशीनांकडेच बघत होती.

"आठ दिन," सेठ म्हणाला.

२५ फेब्रुवारी, शनिवार
तिच्या कामाचा तिसरा दिवस, काल सुट्टी होती. वाईट गेला. सुमनने जाड सुताच्या कांड्या बारीक सुताच्या टोपलीत टाकल्या. लूमवरचा कारीगर टोपली घेऊन आला, आपांनी तिला फैलावर घेतलं. दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर. सुमनच्या डोळ्यांत पाणी. मी दारात होते, पुढे झाले, आपांनी मलाच हात दाखवला : तू थांब.

सरांना सांगितलं, फार वाईट वागवलं हो. सरांचा चेहरा उजळला. "दुसऱ्या बायांनाही अशाच शिव्या देतात?" म्हटलं, याहून जास्त. "मग उत्तम चाललंय."

मला हसू यायला थोडा वेळ लागला.

२ मार्च, गुरुवार
आठ दिवस काल संपले. आता सेठ म्हणतो, महिनाभर बघू. त्याच्या मनात एक शंका उरली आहे आणि ती खोटी नाही. मशीनचं बेअरिंग बिघडलं की आवाज बदलतो, जुन्या बायांना तो त्या गोंगाटातही कळतो. हिला कसा कळणार? सुमन मशीनच्या चौकटीवर तळवा ठेवते. आपा म्हणतात, शिकेल. नक्की शिकेल असं त्याही म्हणत नाहीत. मीही म्हणणार नाही.

आणि महिना म्हणजे एप्रिल उजाडेल. शिमगा त्याच्या आधी.

जनीबाई मंडळात आली. "काका येल तवा त्याला काय सांगू? अजून पक्की न्हाय म्हनून सांगू?" सर म्हणाले, जे आहे ते सांगा.  मग जाताना ती म्हणाली, "चार दिस झालं, घरी आली की पाय पसरून बसते न् हात करते, चा आन. बापासारखी!"

तक्रार करत होती, पण काय ऐट होती बाईच्या तोंडावर!

७ मार्च, मंगळवार
सकाळी शेलारच्या बायांचा घोळका निजामपुऱ्यात शिरताना पाहिला. सुमन मधोमध, डबा हातात. शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि ती शेजारीण गोंगाट नसतानाही हातांनीच उत्तर देत होती.

शेवटचा अहवाल लिहायला बसले. 'लाभार्थीचे नाव' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. भोईरसर मला बेअरिंगबद्दल मिस्त्रीशी बोलायला पाठवणार आहेत. बोलायला म्हणजे ऐकायला.

११ मार्च, शनिवार
संपले आठ आठवडे. अहवाल दीड पान झाला. सरांनी तांबडी पेन्सिल घेऊन वाचला आणि पेन्सिल तशीच खिशात ठेवली. मग म्हणाले, "काय येतं तुला?" मी गप्प बसले. "पास," म्हणाले. वाकून नमस्कार करायला गेले तर कुबडी आडवी धरली, म्हणाले हे नाटक कॉलेजात.

मग कारखान्यात. फाईल सेठच्या टेबलावर अजून होती, तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. ती घेतली. मुद्दे वाचले नाहीत.

सुमनने मला एक कागद दाखवला. सरांनी काढलेलं मशीनचं चित्र. त्यातल्या बायांमध्ये तिने स्वतः पेन्सिलीने एक बाई जास्तीची काढली आहे, जरा वाकडी, हात मात्र मोठे. हा कागद ती काकाला दाखवणार आहे. तीच. तिने तळवा छातीवर आपटून सांगितलं. काका मानेल की नाही, सेठ पक्की करेल की नाही, काही सांगता येत नाही. आपांना विचारलं तर त्यांनी वर बोट दाखवलं.

निघताना दारातून चोच करून दाखवली, माझी खूण, की मी चालले. सुमनने मान हलवली, नाही नाही. आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. शेजारच्या बाईने धरले. आपांनी धरले. मग भिंतीपर्यंतच्या सगळ्या बाया, मशीन चालू ठेवून, एकेका हाताने कान धरून माझ्याकडे बघत हसत होत्या. माझं नाव बदललं होतं आणि कारखानाभर झालं होतं.

मीही धरले. तशीच उलटी चालत बाहेर आले, दारात मिस्त्रीला धडकले.

आत्याकडे सामान बांधलं आहे. शिमगा तेरा दिवसांवर. त्या दिवशी मी शेलारला जाणार आहे. सुमन काकाशी बोलेल तेव्हा ओटीवर बसणार आहे, बोलायला नाही.